बिनआवाजाची चाळीस वाक्यं

…तर एवढं सगळं झाल्यावर भाची पलंगावर मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "चल आक्का, आता परीक्षा. म्हणून दाखव एकेक." आणि आक्काने चाळीसच्या चाळीस वाक्यं म्हणून दाखवली. 'नमस्कार'पासून 'स्टेशन कुठे आहे'पर्यंत, कॅटलान भाषेतली, एकदाही न अडखळता. फक्त आवाज तेवढा काढला नाही.

भाची आधी नुसती बघत राहिली. तिला वाटलं, बाई मनातल्या मनात उजळणी करतेय, करू दे. दहा झाली, वीस झाली. आक्काचे ओठ आपले चाललेत, कधी चंबू, कधी फाकलेले, मधेच जीभ दातांना लावून पुढे. मग भाचीच्या डोक्यात उजेड पडला.

"आक्का, आवाज कुठाय?"

"कसला आवाज?"

"अगं, बोलायचं ना!"

"बोलले की," आक्का म्हणाली, आणि हेही तिने तसंच, नुसत्या ओठांनी सांगितलं. "चाळीस झाली. तू मोजली नाहीस वाटतं."

आता यात हसण्यासारखं काय आहे ते कळायला आक्काची नोकरी माहीत हवी. वयाच्या अठराव्या वर्षापासून एकतीस वर्षं ती कापडाच्या गिरणीत मागावर होती. एका छपराखाली दीडशे माग. प्रत्येक मागात धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे आपटतोय, मिनिटाला दीड-दोनशे वेळा. शेजारची बाई कानाशी येऊन किंचाळली तरी काडीचंही ऐकू यायचं नाही. म्हणून त्या खात्यात कोणी किंचाळतच नसे. सगळ्या जणी नुसत्या ओठांनी बोलायच्या आणि डोळ्यांनी ऐकायच्या. चार रांगा पलीकडच्या बाईला 'आज डब्यातली भाजी खारट झालीय' हे सांगता यायचं आणि तिचं 'मग आणलीस कशाला' हे उत्तरही मिळायचं. एकदा नवा मुकादम आला. त्याने पहिल्याच दिवशी बघितलं, की दीडशे बाया सारखं तोंड हलवताहेत. त्याने भिंतीवर पाटी लावली, 'कामावर असताना काही खाऊ नये.' त्या पाटीखाली उभ्या राहून बाया त्याच्या तोंडावर त्याला काय काय म्हणाल्या! तो बिचारा मान डोलावत पुढे गेला.

तर आक्काचे कान त्या खात्यात गेले ते गेलेच. धाडकन काही पडलं तर कळायचं, माणसाचं बोलणं नाही. स्वतःचा आवाजही तिला ऐकू येईना. मग तो कधी एवढा मोठा निघे, की दवाखान्याच्या रांगेतली माणसं दचकून मागे बघत. तेव्हापासून तिने आवाजाचं दुकानच बंद केलं. घरात कामापुरती माणसं होती, त्यांना ओठ वाचता येत होते. नवरा लवकर गेला. उरला मुलगा, आणि अधूनमधून येणारी ही बहिणीची मुलगी.

मुलाचं तर विचारूच नका. दूध पिता पिता तो आईच्या ओठांवरून बोलायला शिकला. शेजाऱ्यांकडून आवाजही शिकला, पण तो त्याला वरच्या कपड्यासारखा, बाहेर जाताना घालायचा. शाळेत घातल्यावर पहिले आठ दिवस तो कपडा घालायचा राहिला आणि त्याची गैरहजेरी लागली. पोरगं रोज पहिल्या बाकावर बसलेलं! गुरुजींनी आक्काला बोलावून घेतलं. ती म्हणाली आणि सोबतच्या शेजारणीने आवाजात सांगितलं, "तो रोज 'हजर' म्हणतो. तुम्ही वहीत बघता, त्याच्याकडे नाही." बोलताना ओठांचा डावा कोपरा जरा जास्त ओढायची त्याला खोड होती. आक्का म्हणायची, गर्दीत शंभर तोंडं बोलत असली तरी माझं तोंड मी बरोबर ओळखीन.

त्या खात्यात एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता. समोरचं माणूस बोलत असताना पाठ फिरवायची नाही. आवाज ज्यांना नाही त्यांना तोंड हेच सगळं. पाठ फिरवणं म्हणजे त्याचं बोलणं जन्मायच्या आत मारणं. थोबाडीत मारलेली बाई दुसऱ्या दिवशी बोलायची, पण पाठ दिलेली नाही. आणि एकदा पाठ दिली, की ती मागे घ्यायची रीतही ठरलेली. जिने दिली तिने स्वतः चालत यायचं, दुसरीच्या मागासमोर उजेडात तोंड करून उभं राहायचं आणि आधी बोलायचं. निरोप चालत नाही, मध्यस्थ चालत नाही. दोन बायांनी शेजारशेजारच्या मागांवर चार वर्षं अशी काढलेली आक्काने पाहिली होती. एक निवृत्त झाली तेव्हा दुसरी तिच्या घरी तीन मजले चढून गेली. दमा होता तिला.

गिरणी बंद पडली तेव्हा मुलगा चोविसाचा होता. वेल्डिंगचं काम शिकलेला, हाताला चांगला. परदेशातल्या एका दूरच्या बंदरात जहाजं दुरुस्त करायच्या कामावर त्याला बोलावणं आलं. आक्का नको म्हणाली. का नको, ते तिने त्याला सांगितलं नाही. तो गेला तर दिवसभर आपल्या ओठांकडे बघायला घरात कोणी उरणार नाही, हे आईने मुलाला कसं सांगायचं? तिने मग भलतंच काही सांगितलं, स्वार्थी म्हणाली, आणखी काही म्हणाली. त्याने तिकीट काढलं.

सकाळची वेळ होती. तो बॅग घेऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि आक्काने त्याला पाठ दिली. फळीवरचे डबे पुसायला लागली. स्टीलचे डबे, घासूनघासून आरशासारखे केलेले. एका डब्यात तिला तो दिसला, लांबट झालेला, आणि त्याचे ओठ हलताना दिसले. तिने डोळे मिटून घेतले. मग तळपायांना फरशीतून त्याची पावलं कळली. दारापर्यंत गेली. थांबली. दोन पावलं परत आली. पुन्हा थांबली. आणि मग गेली ती गेलीच.

काय म्हणाला होता तो? हे तिला नऊ वर्षं कळलं नाही.

नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांना विचारलं नाही असं नाही, पण भाचीच्या आडून. तो भाचीला लिहायचा, "आक्का गुडघ्याचं औषध घेते का?" आक्का भाचीला सांगायची, "त्याला लिही, आगीसमोर काम करतोस तर पाणी पीत जा. मी सांगितलं म्हणून लिहू नकोस." भाचीच्या फोनवर त्याचं तोंड दिसायचं तेव्हा आक्का बादली उचलून पाणी भरायला जायची. भरलेलीच बादली. ती मनाशी म्हणायची, तो घरी येऊ दे. मग मी दारात उजेडाकडे तोंड करून उभी राहीन, आधी मीच बोलीन. काय बोलायचं तेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं. तो पुढच्या वर्षी येणार होता. मग त्याच्या पुढच्या.

आलं ते पत्र. तो ज्या म्हातारीकडे खोली घेऊन राहत होता तिचं. भाचीने ते कोणाकडून तरी मराठीत उलगडून आणलं आणि आक्कासमोर बसून एकेक ओळ ओठांनी सांगितली. फुप्फुसांचं दुखणं होतं. त्याने कोणाला कळवू दिलं नाही, बरा होऊन सांगीन म्हणाला. शेवटचे तीन दिवस त्याच्या गळ्यात नळी होती, त्यामुळे आवाज नव्हता, आणि हातात पेन धरण्याइतकं बळही नव्हतं. पण तो आईच्या फोटोकडे बोट करून ओठांनी काहीतरी म्हणत होता. तेच ते, पुन्हा पुन्हा. त्याच्या भाषेचा एक सोबती येऊन बघून गेला, त्यालाही कळलं नाही. पत्राच्या शेवटी म्हातारीने लिहिलं होतं, "तो जे म्हणाला ते मला लिहिता येत नाही. पण मी ते जपून ठेवलं आहे. त्याच्या आईने यावं."

आक्का त्या दिवशी रडली नाही. तिने ते आरशासारखे डबे खाली काढले आणि फळीवर मागच्या रांगेत ठेवून दिले.

भाची म्हणाली, "तिथल्या कोणाला तरी त्यांच्याकडे पाठवू या. विचारून कळवतील."

"मध्यस्थ चालत नाही," आक्का म्हणाली.

"अगं पण त्या बाईला फक्त तिकडची कॅटलान भाषा येते. तू काय बोलणार?"

"मग तेच शिकते."

असं ते सुरू झालं. भाचीने फोनवर प्रवाशांसाठीचे धडे शोधून दिले. त्यात एक तरतरीत मुलगी एकेक वाक्य तीनदा म्हणून दाखवायची. आक्का कपाटाच्या आरशासमोर खुर्ची टाकून बसायची, एक डोळा फोनवर, एक आरशात. त्या मुलीवर ती खूश होती. "लाल लिपस्टिक लावते ते फार बरं करते," म्हणायची, "लांबूनही वाचता येते." फोनचा आवाज पहिल्या दिवसापासून बंद. चालू ठेवून तिला करायचं काय होतं? आणि शिकणं म्हणजे ओठ बसवणं, हे तिच्या दृष्टीने इतकं उघड होतं, की आवाज वेगळा शिकावा लागतो हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. दोन महिने खपली बिचारी. म्हणून ती परीक्षा तशी झाली.

भाची आधी पोट धरून हसली, मग तिचं हसू मधेच थांबलं. तिने आक्काचा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "हे बघ. बॉन दीआ. इथे हललं ना? आता तुझ्या गळ्यात हलव."

आक्काने हलवला. असा, की खालच्या मजल्यावरची बाई जिना चढून विचारायला आली, कोण पडलं म्हणून.

"हळू, आक्का!"

"हळू म्हणजे केवढं? मापाने सांग."

मग मापं ठरली. गळ्यावर ठेवलेल्या हाताला मुंगी चालल्यासारखं वाटलं तर दुकानात बोलायचं, माशी बसल्यासारखं वाटलं तर रस्त्यावर. त्यातही अडचणी निघाल्या. जे उच्चार घशात होतात ते ओठांवर दिसत नाहीत, तेव्हा आक्का ते शिकलीच नव्हती. त्यांच्या भाषेत आभार मानायला 'ग्रासियस' म्हणतात, ही 'रासियस' म्हणायची. एकेक अक्षर घशात हात घालून बाहेर काढल्यासारखं भाचीने काढलं. आणि तो आवाज! वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या कपड्यासारखा, घडीघडीवर विरलेला. भाची तोंड फिरवणार होती, पण नियम आठवला आणि आक्काकडे बघत राहिली. डोळे भरले तरी बघत राहिली.

एक दिवस आक्का म्हणाली, "या मुलीला सगळं विचारता येतं. पाणी कुठे मिळेल, खोली आहे का, गाडी कधी सुटते. मला लागतं ते एक वाक्य हिच्याकडे नाही."

"कुठलं?"

"तो काय म्हणाला."

प्रवासी लोकांना ते कशाला लागेल? भाचीने शोधून आणलं. के वा दी. तीन अक्षरं. आक्काने ती आरशासमोर धरली आणि पुढचे काही दिवस दुसरं काही म्हटलंच नाही.

भाचीच्या कडेवर तान्हं होतं, तिला सोबत जाता येईना. आक्का एकटी निघाली. विमानतळावर गणवेशातल्या माणसाला तिने माशीच्या मापाने "बॉन दीआ" घातलं. अजून स्वतःच्याच देशात होती ती! तो घाबरून उठून उभा राहिला. विमानात शेजारच्या बाईने पाण्याचा पेला पुढे केला, तिला "ग्रासियस" म्हणाली, 'ग'सकट. पुढे चुका कमी झाल्या. बंदराच्या गावात उतरल्यावर टॅक्सीवाल्याला तिने पत्ता दाखवला आणि मुंगीच्या मापाने "सिस प्लाऊ" म्हणाली, म्हणजे कृपा करून. टॅक्सीवाला वाटभर बोलत होता. तिला त्याच्या मानेची मागची बाजू तेवढी दिसत होती. एवढा बोलका माणूस आपल्याला पाठ करून बसलाय, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, याचं तिला राहून राहून नवल वाटलं.

चार मजले, अरुंद जिना, कठडा हाताने गुळगुळीत झालेला. हाच कठडा धरून तो रोज चढला असेल म्हणून आक्का भिंतीच्या बाजूने न जाता कठड्याच्या बाजूनेच चढली.

दार उघडलं. म्हातारी ऐंशीच्या घरातली, बुटकी, पांढऱ्या केसांची, हात ओले. तिने आक्काची, मुलासारखीच हनुवटी पाहिली आणि दोन्ही हात तोंडावर नेले. मग ती बोलायला लागली. बोलतेय, बोलतेय, ओठ असे भराभर, की आक्काची चाळीस वाक्यं त्या लोंढ्यात कुठल्या कुठे वाहून गेली. स्टेशन नाही, पाणी नाही, खोली नाही, त्यातलं काहीच म्हातारी बोलत नव्हती. आक्काने हात वर करून तिला थांबवलं. दारातच उजेडाकडे तोंड करून उभी राहिली, गळ्यावर हात ठेवला आणि विचारलं:

"के वा दी?"

म्हातारीने आक्काचा हात धरून तिला त्याच्या खोलीत नेलं. पलंग, टेबल, खिडकी. पलंगावर बसवलं. खिडकीची दारं सताड उघडली आणि खुर्ची ओढून उजेडात ठेवली. मग काही आठवल्यासारखं करून आत गेली आणि कवळी बसवून आली, ओठ नीट उमटावेत म्हणून.

तिने आधी बोटाने गळा दाखवला, तिथे नळी होती. मग ओठ दाखवले. मग भिंतीवरच्या आरशाकडे बोट केलं, स्वतःच्या तोंडाकडे केलं, आणि हाताने सूर्य उगवल्यासारखं करून दाखवलं, एकदा, पुन्हा, पुन्हा. रोज सकाळी. सात महिने रोज सकाळी ती त्या आरशासमोर उभी राहून, अर्थ न कळता, त्याचे ओठ आपल्या ओठांवर बसवत होती, त्याची आई येईपर्यंत विसरू नयेत म्हणून. शेजारीण आपल्याला काय समजते, तेही तिने कपाळाशी बोट फिरवून दाखवलं. दोघी जरा हसल्या.

मग तिने गुडघ्यांवर हात ठेवले आणि ओठ हलवले.

आक्काला काही दिसलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि म्हातारीचं तोंड पाण्याखाली गेल्यासारखं झालं होतं. एकतीस वर्षं दीडशे मागांच्या धुरळ्यात जिचे डोळे चुकले नाहीत ती आज चुकली. तिने मनगटाने डोळे कोरडे केले. आणि त्या लाल लिपस्टिकवाल्या मुलीने प्रवाशांना शिकवलेलं एक वाक्य तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "मेस अ पॉक अ पॉक, सिस प्लाऊ." जरा सावकाश.

म्हातारीने मान हलवली. या वेळी ती आक्काकडे न बघता तिच्या खांद्यावरून मागे भिंतीवरच्या आक्काच्या फोटोकडे बघायला लागली, जसा तो बघत असेल. आणि सावकाश, एकेक अक्षर सोडत गेली. सुरकुतलेले, परके ओठ. पण डावा कोपरा जरा जास्त ओढलेला. आक्काने आपलं तोंड ओळखलं.

'येतो गं आक्का,' ते ओठ म्हणाले. 'इकडे वळ ना.'

म्हातारी थांबली नाही. तो थांबला नव्हता म्हणून तीही थांबली नाही. येतो गं आक्का, इकडे वळ ना. येतो गं आक्का, इकडे वळ ना. तीन बोटं वर केली, तीन दिवस. मग तिने ओठ मिटले आणि शाळेत फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलीसारखी आक्काकडे पाहत राहिली. बरोबर आलं का? काय म्हणत होता तो? हे तिला विचारायचं होतं, आणि त्याचं उत्तर द्यायला आक्काकडच्या एक्केचाळीस वाक्यांत एकही शब्द नव्हता.

आक्का पलंगावरून उठली. म्हातारीच्या खुर्चीसमोर आली आणि खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली. नऊ वर्षं ठरवून ठेवलेलं जे वाक्य होतं ते तिला आठवलं नाही, किंवा आठवूनही उपयोगाचं वाटलं नाही. गळ्याकडे गेलेला हात तिने खाली घेतला. चार रांगा पलीकडच्या माणसाला सांगावं तसं, आवाज न करता, एकेक अक्षर ओठांवर नीट ठेवत ती म्हणाली:

"वळले रे बाळा, बघ. ये आता. जपून जा."